मागच्या बाकावरचे शांतूमास्तर

परवा रूथताईचं पत्र आलं. चार ओळी तिच्या आणि उरलेलं पान तिच्या मुलानं पेन्सिलीनं काढलेल्या होड्यांनी भरलेलं. तिसऱ्या ओळीत होतं, "शांतूमास्तर गेले. आठ दिवस अंथरुणावर होते. भिंतीकडे तोंड करून झोपा, वारा लागेल, असं सगळे सांगत होते. ऐकलं नाही. दाराकडेच तोंड हवं म्हणाले."

मला लिहिता येतं की नाही, हे अजून मला नक्की कळलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे विचारणार तरी कुणाला? पण ते दाराकडे तोंड करून झोपणं मनातून जाईना. ते काय होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

आमचं गाव दिघीच्या बाजूला, खाडीला लागून. समोर आगरदांडा. मधे खाडीचं रुंद पाणी आणि त्यावरून दिवसातून चार वेळा जाणारी लाँच. शांतूमास्तर म्हणजे शांतवन मास्तर हे कुठल्या शाळेत शिकवणारे मास्तर नव्हते. धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडायचे, म्हणून मास्तर. कंपनीनं दिलेला खाकी कोट उन्हाळ्यातही अंगात असायचा. त्याला पितळेची पाच बटणं होती. त्यातलं एक पाण्यात पडलं तेव्हा तिथे शर्टाचं पांढरं बटण आलं, आणि ते कायम तिथेच राहिलं. हातात काळी छत्री. खिशात पंचाएवढा रुमाल, स्वतः धुतलेला आणि गादीखाली दाबून इस्त्री केलेला. बायको, आमच्या मार्थाकाकू, गेल्यापासून ते एकटेच राहायचे. स्वयंपाक म्हणजे भात आणि भाजलेला सुका बोंबील. त्यामुळे मास्तर जवळ आले की डोळे मिटूनही कळायचं.

तिकिटं फाडून झाली की लाँच सोडायचा इशाराही मास्तरच द्यायचे. छत्रीचं टोक खाडीकडे दोनदा हलवायचं, की लाँच चालवणारे सारंग हसनमियां ती सोडणार. पण मास्तर छत्री हलवायच्या आधी वळून गावाकडच्या पायवाटेकडे पाहायचे आणि बहुतेक वेळा म्हणायचे,

"थांब जरा. येतंय कुनीतरी."

आणि खरोखरच पायवाटेवर, माडांच्या मधून, कुणीतरी येत असायचं. कधी टोपली डोक्यावर घेतलेली बाई, कधी मुलाला ओढत आणणारा बाप. इतक्या लांबून ते माणूस लाँचसाठी येतंय की शेतात चाललंय, हे कळणं शक्य नव्हतं. हसनमियां ओरडायचे, "मास्तर, ओहोटी काय तुमच्यासाठी थांबणाराय? येणार कोण हाय एवढं? तुमचा येशू येणार हाय काय?"

"त्याचं काय सांगावं," मास्तर शांतपणे म्हणायचे. "त्यालापन उशीरच झालाय."

लाँचमध्ये स्वतः बसले तरी त्यांचा रुमाल शेजारच्या जागेवर पसरलेला असायचा. एस.टी.तही तसंच. कुणासाठी जागा धरली आहे, असं विचारलं तर म्हणायचे, "ते आल्यावर कळंल." भरलेल्या एस.टी.त असं करणाऱ्या माणसाला लोक काय काय बोलतात, ते मी इथे लिहीत नाही.

आता आमच्या मंडळीबद्दल. आम्ही ख्रिस्ती. सगळी मिळून अकरा घरं. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यानंतर वर्षभरात मिशनचे साहेब बोटीनं परत गेले. जाताना त्यांनी आमच्या हाती तीन गोष्टी दिल्या: देवळाची चावी, बाजाची पेटी आणि नियमांचं एक पुस्तक. पेटीचे सूर दोन पावसाळ्यांत बसले. नियमांचं पुस्तक मात्र अजून जसंच्या तसं आहे.

मोठी माणसं म्हणतात की साहेबांच्या वेळी त्या पुस्तकावर धूळ असायची. साहेब स्वतःच कधीकधी उपासनेला उशिरा यायचे. पण आता मंडळी आमची झाली होती. स्वतःच्या हातात आलेली मंडळी नीट चालवून दाखवायची, तर सुरुवात कुठून करायची? पंचांनी बराच विचार केला आणि सुरुवात शिस्तीपासून केली. मला वाटतं, त्यांचा हेतू चांगलाच होता. पण अकरा घरांत शिस्त लावायची म्हणजे कुणीतरी बेशिस्त सापडायला हवं. ते सापडायला फार वेळ लागला नाही.

पंच पाच होते. उपासना चालवणारे पाळकसाहेब अध्यक्ष. दुसरे माझे बाबा, याकोब सुतार. होड्या दुरुस्त करणारा माणूस. फळीला फट राहिली तर होडी बुडते, हे त्यांना माहीत होतं, आणि माणसांच्या बाबतीतही त्यांचा हिशेब तोच होता. आणखी दोघे होते. जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं. पाचवे शांतूमास्तर. त्यांना पवित्र शास्त्रातली वचनं पाठ नव्हती, गाताना ते सूर सोडून भलतीकडे जायचे आणि उपदेश सुरू झाला की डुलक्या घ्यायचे. पण पुस्तकात पंच पाच असावेत असं लिहिलं होतं आणि पाचवा माणूस दुसरा मिळेना.

पंचांनी पहिला ठराव केला तो बाकाचा. शिस्तीखाली, म्हणजे शिक्षेत, असलेल्या माणसानं सर्वांत मागच्या बाकावर बसावं आणि प्रभुभोजनाचं पावाचं ताट शेवटच्या बाकापर्यंत नेऊ नये. इतकाच ठराव. बाक बाबांनी केला. मोडीत काढलेल्या एका मच्छीमार मचव्याच्या फळ्या वापरल्या, म्हणून त्याला अजून माशाच्या तेलाचा वास येतो. चार माणसं मावतील एवढाच केला, कारण एका वेळी चारपेक्षा जास्त पापी आमच्या मंडळीत निघणार नाहीत असा पंचांचा अंदाज होता. बाकाला पाठ ठेवली नाही. "पश्चात्तापाला टेकायला कशाला लागतंय?" असं बाबा म्हणाले. मग तो बाक देवळाच्या मागच्या भिंतीला लावून ठेवला, आणि जो तो भिंतीला टेकून बसू लागला. हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्या बाकावर पहिल्यांदा बसल्या सुंदराबाई. त्यांच्या धाकट्याला अकरा दिवस ताप होता. श्रीवर्धनच्या डॉक्टरचं औषध झालं, पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, ताप हटेना. तेव्हा त्या पोराला कडेवर घेऊन हरिहरेश्वराला गेल्या आणि तिथे नारळ फोडून आल्या.

पंचांची बैठक शनिवारी दुपारी आमच्या पडवीत भरायची. मी दाराआड तांदूळ निवडत होते. नारळ स्वतः फोडला की पुजाऱ्याच्या हातात दिला, यावर पाऊण तास गेला. पाळकसाहेबांचं म्हणणं, हातात दिला असेल तर पाप थोडं कमी. बाबांचं म्हणणं, फट ती फटच. सुंदराबाई मान खाली घालून उभ्या होत्या. मास्तर डुलक्या घेत होते. मधेच त्यांनी डोळे उघडले.

"पोराचा ताप उतरला काय गं?"

पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, हा प्रश्न विषयाला धरून नाही."

सुंदराबाईंनी मान वर केली. "उतरला, मास्तर. काल वाटीभर पेज प्यायला."

"मग बरं झालं," म्हणून मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले.

अकरा घरांत तो प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मीही नाही. हे मला तेव्हा जाणवलं नाही. आता लिहिताना जाणवतंय.

तीन महिने बाक, असा ठराव झाला. रविवारी सुंदराबाई खाली बघत मागे जाऊन बसल्या. घंटा झाली आणि मास्तर पंचांच्या पुढच्या खुर्चीतून उठले. आम्हाला वाटलं, थुंकायला बाहेर चालले आहेत. ते मागे गेले, सुंदराबाईंच्या बाकावर दुसऱ्या टोकाला बसले, मधे रुमाल पसरला आणि पहिलं गीत सुरू व्हायच्या आत घोरू लागले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही तिथे का?"

"तिथं वारा बरा लागतो."

ते खोटं नव्हतं. दार त्या बाकाच्या शेजारीच होतं. पण ते खरंही नव्हतं. मास्तर अशी सोयीची कारणं अगदी सहज सांगायचे. मी हे त्यांच्या दोषांत लिहावं की गुणांत, मला ठरवता येत नाही.

पुढे येसुदास आला. दारूबंदीच्या दिवसांत ताडी पिऊन तो भंडाऱ्यांच्या वाडीत गाणी म्हणताना सापडला होता. पहिल्याच रविवारी तो पिऊनच बाकावर आला आणि मास्तरांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेला. शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले. मास्तर उठले नाहीत. गीताची पाच कडवी, मग प्रार्थना, मग आशीर्वाद. मास्तर खांदा न हलवता बसून. पुढच्या बैठकीत प्रार्थनेला उभे न राहिल्याबद्दल पंचांनी मास्तरांना ताकीद दिली. त्या ठरावाच्या बाजूनं मास्तरांनीही हात वर केला. "बरोबर हाय," म्हणाले. "उभं ऱ्हायला पायजे व्हतं. पन तो पडला असता."

आता ताईबद्दल लिहायला हवं. इथपर्यंत मी ते टाळत आले.

रूथताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. एका गुरुवारी सकाळी आगरदांड्याच्या आत्याला फणस पोचवते म्हणून ती निघाली. आत्याकडे ती गेली नाही. मुरूडकडच्या महादू नावाच्या कोळ्याशी तिचं आधीच ठरलं होतं. तो समोरच्या धक्क्यावर उभा होता. त्यांनी लग्न केलं आणि फणस सासरी गेला.

बाबांना हे संध्याकाळी कळलं. आणि शनिवारी कळलं ते त्याहून वाईट. ताई धक्क्यावर पोचली तेव्हा लाँच सुटायची वेळ टळून गेली होती. मास्तरांनी ती थांबवून ठेवली होती.

त्या बैठकीत बाबा उभं राहून बोलले. एरवी ते बसून बोलायचे.

"लाँच का थांबवली?"

"येत व्हतं कुनीतरी."

"ती कुठं निघाली, ते दिसलं न्हाय तुम्हाला?"

"फणस दिसला. मोठा व्हता. मीच उचलून लाँचवर चढवला."

"तुम्ही लाँच सोडली असती, तर माझी पोरगी घरी परत आली असती."

मास्तर म्हणाले, "मग दुसऱ्या दिवसाच्या लाँचनं गेली असती, याकोब. एक दिवस घरात रडत बसली असती, एवढंच."

बाबांनी त्या दिवशी दोन नावं सुचवली. पहिलं ताईचं आणि दुसरं मास्तरांचं. ताई मुदतीशिवाय शिस्तीखाली. मास्तर पंच म्हणून कमी आणि सहा महिने मागच्या बाकावर. मास्तर त्या बाकावर आधीपासूनच बसत होते, त्यामुळे या शिक्षेनं नेमकं काय बदललं, हे कुणालाच सांगता येईना. पाचवा पंच पुन्हा मिळेना, म्हणून मास्तरांची खुर्ची तशीच रिकामी राहिली. पुस्तकात पाच लिहिले होते, तर खुर्च्या पाच हव्यातच.

ताई वर्षभरानं आली. मांडीवर तीन महिन्यांचा मुलगा. घरी आली नाही. रविवारच्या पहिल्या लाँचनं खाडी ओलांडायची, सरळ देवळात यायचं, उपासना झाली की दुपारच्या लाँचनं परत जायचं. महादू लाँचपर्यंत सोडायला यायचा. तो हिंदू, पण बायकोनं उपासना चुकवू नये, याबद्दल तो आमच्या पाळकसाहेबांपेक्षा कडक होता, असं ताई नंतर सांगायची.

पहिल्या रविवारी ती दारात आली तेव्हा मास्तरांनी नुसता रुमाल उचलला. ती बसली. मी तिसऱ्या रांगेत होते. बाबा पुढे पंचांच्या खुर्चीत. त्यांनी मागे पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि ताईनं माझ्याकडे पाहिल्यावर गीतांच्या पुस्तकात तोंड घातलं. तीन रांगा मागे जाऊन बसायला किती वेळ लागतो? मला वर्षाहून जास्त लागला.

आमच्या घरात ताईचं नाव कुणी काढत नसे. आई भाकरी थापताना एक जास्त करायची आणि मग ती गाईला घालायची. बाबा ते बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. रविवारी ताईचं पोर रडलं की बाबांचे कान लाल व्हायचे. मला मागून दिसायचं. ती परत घरची होणार, की अशीच लाँचनं ये-जा करत म्हातारी होणार, एवढाच प्रश्न आमच्या घरात होता आणि तोच कुणी विचारत नव्हतं.

मागच्या बाकावर मात्र गर्दी वाढत होती. सुंदराबाईंची मुदत संपली, पण त्या पुढे आल्याच नाहीत. येसुदास ताडी सोडूनही तिथेच बसायचा. ताईचं पोर एकेकाच्या मांडीवर फिरायचं. शिवाय वारा. मग लोक आपणहून पापं घेऊन पंचांकडे येऊ लागले. एकानं सांगितलं, मी शेजाऱ्याला शिवी दिली. एका म्हातारीनं सांगितलं, माझ्या मनात सुनेबद्दल वाईट विचार येतात. पंचांनी विचारलं, केव्हापासून? ती म्हणाली, लग्नापासून. तिला बाक मिळाला. बाक चौघांचा आणि बसणारी नऊ. उरलेली भिंतीशी चटई टाकून. पुढचे बाक रिकामे पडले. पाळकसाहेब रिकाम्या बाकांवरून ओरडून उपदेश करायचे आणि सोमवारी त्यांचा घसा बसलेला असायचा.

दुसरा बाक करावा का, यावर बैठक झाली. बाबांनी माप घेतलं आणि फळ्या नाहीत म्हणून सांगितलं. फळ्या होत्या. मी पाहिल्या होत्या.

याच सुमारास मास्तर पाळकसाहेबांना भेटले. तेव्हा तिथे पाळकबाई होत्या, आणि त्यांनी ते आईला सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. मास्तर म्हणाले, "साहेब, पश्चिमेच्या खिडकीतून खारा वारा येतो. तुमच्या त्या मोठ्या शास्त्राची पानं ओली व्हायला लागलीत. उपदेशाचा लाकडी चौथरा तिकडून हलवून पूर्वेच्या भिंतीला लावला तर?"

पाळकसाहेब बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. "पूर्वेच्या भिंतीला तर तो बाक आहे."

"बाक जरा पुढं वढायचा. आनि बाकीचे बाक फिरवायचे. शास्त्र खराब झालं तर दुसरं कुठून आणायचं?"

पंचांनी चूक केली असं कुठेच म्हणावं लागणार नव्हतं. शास्त्र जपण्याच्या विरुद्ध मत देणार कोण? ठराव दहा मिनिटांत एकमतानं झाला. मंडळीच्या इतिहासात एवढ्या लवकर दुसरं काही झालं नसेल.

काम अर्थातच बाबांकडे आलं. शनिवारी मी त्यांना जेवण घेऊन गेले तेव्हा चौथरा पूर्वेच्या भिंतीला लागला होता. सगळे बाक उलटे फिरले होते. मागचा बाक हात-दोन हात पुढे येऊन सगळ्यांत पहिला झाला होता, आणि बाबा त्याला पाठीची फळी ठोकत होते.

मी विचारलं, "बाबा, याला पाठ?"

खिळा तोंडात धरूनच ते म्हणाले, "भिंत ऱ्हायली न्हाय आता. पहिल्या बाकाला पाठ आसावी लागते."

असं त्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. मी नंतर पाहिलं. त्या फळीची कड त्यांनी तासून गोल केली होती, लहान मुलाचं डोकं आपटू नये इतकी.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार होता. सगळे आपापल्या नेहमीच्या बाकावर बसले, कारण ठरावात बाक बदलायला सांगितलेलं नव्हतं. ताई पहिल्या बाकावर आली. सुंदराबाई, येसुदास, सुनेबद्दल वाईट विचार करणारी म्हातारी, सगळे पहिल्या बाकावर किंवा त्याच्यापुढे चटईवर. मास्तर मात्र तिथे नव्हते. ते चालत दुसऱ्या टोकाला गेले आणि पूर्वी ज्या बाकावर मंडळीतली वजनदार माणसं बसायची, त्या आता शेवटच्या झालेल्या रिकाम्या बाकावर एकटेच बसले. शेजारी रुमाल पसरला.

पावाच्या तुकड्यांचं ताट घेऊन फिरायची पाळी बाबांची होती. नियम साहेबांच्या वेळेपासूनचा: ताट पहिल्या बाकापासून सुरू करावं आणि समोर बसलेल्या माणसाला वगळून पुढे जाऊ नये. बाबा ताट घेऊन वळले. समोर ताई.

बाबांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब जपलेल्या शास्त्रात काहीतरी शोधत होते. बाबांनी छतात पाहिलं. नियमांविरुद्ध ते आयुष्यात एक पाऊल गेले नव्हते आणि आता नियमच त्यांना तिथे उभं करून गेला होता.

त्यांनी ताट खाली धरलं. ताईनं तुकडा घेतला. तेवढ्यात मांडीवरच्या पोरानं हात घालून मूठभर तुकडे उचलले. बाबांनी पटकन त्याची मूठ धरली. एक-एक बोट सोडवून तुकडे ताटात परत ठेवले आणि हळूच म्हणाले,

"ह्याला न्हाय अजून. मोठा झाल्यावर."

दोन वर्षांत ताईशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. ताईनं पदर तोंडाला लावला. बाबा पुढे सरकले.

ताट सगळीकडे फिरून शेवटून दुसऱ्या बाकापर्यंत गेलं. तिथे बाबा थांबले. शेवटच्या बाकापर्यंत ताट नेऊ नये, हा ठराव अजून होताच, आणि त्या बाकावर मास्तर. मी वळून पाहिलं. मास्तरांनी मांडीवरची छत्री उचलली आणि तिचं टोक दोनदा हलवलं. लाँच सोडायला हलवायचे तसं. बाबा परत फिरले. त्या दुपारी आईनं केलेली जास्तीची भाकरी गाईला गेली नाही.

मी जूनमध्ये कॉलेजसाठी मुंबईला निघाले. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन होतं. मी घरून लवकर निघाले, पण वाटेत रेंगाळत देवळाच्या दारात पोचेपर्यंत पहिलं गीत सुरू झालं होतं. बराच वेळ मी बाहेर उभी होते. मग आत जाऊन शेवटच्या बाकापाशी गेले. तिथे बसलं तर मला पाव मिळणार नव्हता, हे मला माहीत होतं. घर सोडून जाण्याआधीचा तो शेवटचा पाव. मास्तर झोपले होते. तरी मी रुमालाला हात लावल्याबरोबर त्यांनी तो उचलला. डोळे न उघडता म्हणाले, "बस. हिकडं वारा न्हाय, पन जागा हाय."

ताट फिरत आलं. या वेळीही बाबांच्या हातात. शेवटून दुसऱ्या बाकाशी ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग पुढे आले आणि ताट आमच्या बाकाच्या कडेवर टेकवलं.

"हात भरून आला," असं कुणाला तरी ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि आमच्याकडे पाठ करून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. त्यांचा हात भरून येत नाही. ते एका हातानं होडीचा नांगर उचलतात.

मास्तरांनी एक तुकडा मला दिला आणि एक स्वतः घेतला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "याकोब शिकला." बोंबलाचा वास आला.

मंगळवारी सकाळी ट्रंक घेऊन बाबा पुढे गेले होते. मी आईशी बोलत राहिले आणि उशीर झाला. पायवाटेवरून पळत निघाले तेव्हा माडांच्या मधून लाँच दिसत होती. हसनमियां काहीतरी ओरडत होते, आणि खाकी कोटातला माणूस माझ्याकडे बघत छत्री काखेत घेऊन उभा होता. मी लाँचवर चढले तेव्हा त्यांनी मला काहीच म्हटलं नाही, आशीर्वादसुद्धा दिला नाही. तिकीट फाडून दिलं. छत्रीचं टोक दोनदा हललं.

लाँच धक्क्यापासून सुटली. मी हात हलवण्यासाठी वळले. मला वाटलं, ते आम्हाला बघत असतील. पण मास्तरांची आमच्याकडे पाठ होती. लाँच सुटल्यावरही ते रिकाम्या पायवाटेकडे पाहत उभे होते.